उच्च शिक्षण कोणाच्या वाट्यास आलें? : बारामती व इंदापूर तालुक्यांचा एक इतिहास

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाची कोनशिला केव्हां बसली, कोणकोणत्या फादरांनीं येथें सेवा केली, शाळा कशी निघाली, याची हकीकत साधारणतः दिलेली असते आणि ती द्यावी हें योग्यच आहे. परंतु धर्मग्राम म्हणजे केवळ इमारत नव्हे. त्यांतील कुटुंबें आणि त्या कुटुंबांतील मुलेंबाळें हाच खरा धर्मग्राम होय. हीं मुलें कोठवर शिकलीं, आणि जेथें थांबलीं तेथें कां थांबलीं, हा प्रश्नहि इतिहासाचाच आहे. त्याचें उत्तर एका देवळाच्या दफ्तरांत सांपडणार नाहीं. त्यासाठीं सबंध मुलखाचा पूर्वेतिहास पाहावा लागतो. म्हणून प्रस्तुत लेखांत बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांकडे दृष्टि ठेवून, उच्च शिक्षण कोणास केव्हां मिळूं लागलें याचा थोडक्यांत विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रारंभींच एक गोष्ट सांगून ठेवणें बरें. विद्येचें दार सर्वांस उघडें आहे असें जाहीर होणें, आणि त्या दारांतून प्रत्यक्ष आंत जातां येणें, या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट आपल्या प्रांतांत १८५७ सालींच घडून आली. दुसरी अद्यापि पुरती घडलेली नाहीं. या दोहोंमधील अंतर कशानें पडलें व कशानें कमी झालें, हाच या लेखाचा विषय होय.

१. जुनी विद्या

बारामती हें गांव विद्येला मुळींच पारखें नव्हतें. पंतकवि मोरोपंत (१७२९–१७९४) यांनीं आपलें बहुतेक आयुष्य येथेंच, बाबूजी नाईकांच्या आश्रयानें, पुराणकथनांत व काव्यरचनेंत घालविलें. मराठी भाषेंतील आर्येचें माहेरघर म्हणून या गांवाचें नांव झालें तें त्यांच्यामुळेंच. परंतु ही विद्या ज्या घराण्यांत परंपरेनें चालत आली होती, त्यांच्यापुरतीच ती होती. कऱ्हेच्या एका कांठीं आर्या रचल्या जात असतां, त्याच नदीकांठच्या कुणबी, धनगर, रामोशी, महार, मांग यांच्या मुलांस अक्षरओळख करून देण्याची व्यवस्था कोणाकडेच नव्हती. ती असावी असें त्या काळीं फारसें कोणास वाटलेंहि नाहीं.

पेशवाई जाऊन इंग्रजी अंमल आला तेव्हां ही घडी एकदम मोडली असें नाहीं. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वांटीत. त्या दक्षिणेच्या रकमेंतून १८२१ सालीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, आणि तींत आरंभीं ब्राह्मण विद्यार्थ्यांसच प्रवेश असे. पुढें हिचेंच रूपांतर होत होत पुणें कॉलेज व नंतर डेक्कन कॉलेज झालें. म्हणजे आमच्या जिल्ह्यांतील उच्च शिक्षणाचा उगमच अशा ठिकाणीं झाला कीं, जेथें बहुसंख्य लोकांचा पायरव पोंचत नव्हता. पुढें नियम बदलले. पण नियम बदलल्यानें वाट सुगम होतेच असें नाहीं.

२. जमीन, पट्टी आणि अक्षर

इंदापूर तालुक्याचें नांव इंग्रजी राज्यकारभाराच्या इतिहासांत एका निराळ्याच कारणानें गाजलें. प्रिंगल याची आधींची धारापद्धति रयतेस जाचक होऊन फसल्यावर, गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ च्या सुमारास जमिनीची नवी मोजणी व तीस वर्षांचा धारा प्रथम इंदापुरांत लागू केला, आणि तोच नमुना पुढें मुंबई इलाख्यांत इतरत्र नेण्यांत आला. शेतकरी व सरकार यांचा हिशेब असा कागदावर पक्का झाला. पण तो कागद वाचावयाचा कोणीं, हा प्रश्न तसाच राहिला. धाऱ्याची पावती कुलकर्ण्यानें लिहावी, खत सावकारानें लिहावें, आणि शेतकऱ्यानें खालीं नांगराची निशाणी करावी, असा प्रघात चालू राहिला.

त्याचा परिणाम १२ मे १८७५ रोजीं दिसून आला. आज बारामती तालुक्यांत असलेल्या, पण त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत मोडणाऱ्या सुपें गांवीं बाजारच्या दिवशीं शेतकरी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले. दंगा पसरत गेला तसें एक लक्षण ठिकठिकाणीं आढळलें: लोकांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. खतें मागून घ्यावयाचीं व जाळावयाचीं. जें वाचतां येत नाहीं त्यावर विश्वास नाहीं, आणि त्याच्या तावडींतून सुटण्यास जाळण्याखेरीज मार्ग नाहीं, अशी ती स्थिति होती. सरकारनें चौकशीमंडळ नेमलें व १८७९ सालीं दक्षिणी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यांत शेतकऱ्यांचे दस्तऐवज सरकारी नोंदणीदारासमक्ष लिहिले जावे अशी तजवीज होती. निरक्षराचें रक्षण करण्याचा हा प्रयत्न होता खरा. परंतु निरक्षरता घालविण्याचा तो नव्हता.

येथें पैशाचाहि विचार केला पाहिजे. १८६० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्यांत जमिनीच्या धाऱ्यावर रुपयास एक आणा अशी स्थानिक पट्टी बसली आणि तिचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे जावयाचा ठरला. हा भाग प्राथमिक शाळांसाठीं होता. कॉलेजें व इंग्रजी शाळा यांना मिळणारा सरकारी पैसा प्रांताच्या सर्वसाधारण वसुलांतून येई, आणि त्या वसुलांतील मोठा हिस्सा जमिनीच्या धाऱ्याचाच असे. सारांश, सुप्याचा, निमगांवचा किंवा बावड्याचा शेतकरी दोन्ही बाजूंनीं शिक्षणासाठीं पैसा देत होता. कॉलेजाचें तोंड मात्र त्याच्या मुलानें पाहिलेलें नव्हतें.

३. विद्यापीठ आणि माधुकरी

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. १८६२ सालीं त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, व त्यांत महादेव गोविंद रानडे होते. विद्यापीठाच्या नियमांत जातीचा वा धर्माचा अडसर नव्हता. परीक्षा सर्वांस सारखी, गुण सर्वांस सारखे. तरीहि पदवीधरांच्या याद्यांत वर्षानुवर्षें थोड्याच जातींचीं नांवें येत राहिलीं. हें कसें घडलें?

इंदापूरच्या एखाद्या होतकरू मुलास पदवीपर्यंत जावयाचें तर त्या काळीं काय काय लागे, तें पाहिलें म्हणजे उलगडा होतो. गांवची मराठी शाळा संपली कीं इंग्रजी शाळा. ती पुरी करावयास बहुधा पुण्यासच गेलें पाहिजे. पुणें इंदापुराहून सव्वाशें किलोमीटरांहून अधिक दूर. तेथें राहावयाचें कोठें? ब्राह्मण विद्यार्थ्यास, तो कितीहि गरीब असला तरी, एक आधार होता. आठवड्याचे सात वार सात घरीं लावून जेवावें, किंवा माधुकरी मागावी, आणि एखाद्या वाड्याच्या ओसरीवर पथारी टाकावी. कित्येक थोर विद्वान असेच शिकले, आणि त्यांच्या कष्टांबद्दल आदरच वाटला पाहिजे. परंतु ही सोय जातीच्या नात्यावर चालत असे. कुणब्याच्या मुलास वार कोण लावून देणार? महाराच्या मुलाची पथारी ओसरीवर कोण पडूं देणार? दोघेहि गरीब, पण एकाच्या गरिबीला शहरांत सात घरें होतीं, आणि दुसऱ्याच्या गरिबीला एकहि नव्हतें. परीक्षेचे गुण सारखे मोजले गेले. मुक्कामाची सोय सारखी नव्हती. सामाजिक पार्श्वभूमीचा शिक्षणावर परिणाम होतो असें आपण मोघमपणें म्हणतों, त्याचा अर्थ प्रत्यक्षांत हा असा आहे.

अस्पृश्य मानलेल्या वर्गास तर शाळेच्या दारापासूनच अडचण. १८५६ सालीं मुंबई इलाख्यांतील धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला, तो स्थानिक विरोधाच्या भीतीनें नाकारण्यांत आला. पुढें विलायतेंतील वरिष्ठांनीं सरकारी शाळा सर्व जातींकरितां आहेत असें स्पष्ट केलें. पण कागदावरील हुकूम गांवच्या शाळेच्या ओट्यापर्यंत येण्यास फार वर्षें लागलीं.

ही विसंगति ज्यांनीं प्रथम उघडपणें व पुराव्यानिशीं मांडली ते महात्मा जोतीराव फुले. ते स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. १८४८ सालापासून त्यांनीं व सावित्रीबाईंनीं मुलींसाठीं, आणि पुढें महार-मांगांच्या मुलांसाठीं शाळा चालविल्या होत्या. १८८२ सालीं हंटर शिक्षणमंडळापुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, सरकारचा वसूल मुख्यतः रयतेच्या श्रमांतून येतो, पण उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ वरच्या वर्गांसच होतो. प्राथमिक शिक्षण बारा वर्षें वयापर्यंत सक्तीचें करावें अशी त्यांची मागणी होती. ती मागणी सबंध देशाच्या कायद्यांत उतरण्यास २००९ साल उजाडावें लागलें. म्हणजे मध्यें १२७ वर्षें गेलीं. १९११ सालीं नामदार गोखले यांनीं सक्तीच्या शिक्षणाचें बिल मांडलें, तेंहि पुढच्याच वर्षीं नामंजूर झालें होतें.

स्त्रियांची गोष्ट आणखी वेगळी. पुण्याच्या ख्रिस्ती कुटुंबांतील कॉर्नेलिया सोराबजी या डेक्कन कॉलेजांत शिकून पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाल्या. विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारली गेली. अखेर हितचिंतकांनीं वर्गणी जमवून त्यांना १८८९ सालीं ऑक्सफर्डास पाठविलें. गुण होते, कुटुंब सुशिक्षित होतें, कॉलेज शहरांतच होतें. तरीहि शेवटच्या पायरीवर अडसर होताच. मग खेड्यांतील मुलीची कथा ती काय!

४. वसतिगृहांचें महत्त्व

वार व माधुकरी यांना पर्याय शोधल्यावांचून बहुजनसमाजाचें शिक्षण पुढें सरकणार नाहीं, हें मर्म ज्यांनीं ओळखलें त्यांत कोल्हापूरचे राजर्षि शाहू छत्रपति अग्रगण्य होत. १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहापासून आरंभ करून त्यांनीं जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य, ख्रिस्ती अशा नाना समाजांच्या विद्यार्थ्यांकरितां वसतिगृहें उभीं करण्यास साहाय्य केलें. १९०२ सालीं संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम त्यांनीं काढला, आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. नोकरी, वसतिगृह व शाळा या तिन्ही गोष्टी त्यांनीं एकत्र जोडल्या, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

त्याच मार्गानें कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं सातारा येथें सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह चालू केलें, आणि १९४७ सालीं तेथेंच छत्रपति शिवाजी कॉलेज स्थापून श्रम करून शिकण्याची पद्धति कॉलेजांत आणली. नीरा ओलांडली कीं सातारा जिल्हा लागतो. त्यामुळें या चळवळीचें वारें बारामतीकडे न येतें तरच नवल. महर्षि विठ्ठल रामजी शिंदे यांचें अस्पृश्यवर्गासाठीं १९०६ सालीं सुरू झालेलें मिशन, व पुण्यांत १९५५ सालीं खेड्यांतील विद्यार्थ्यांच्या निवासासाठीं स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिति, याहि त्याच परंपरेंतील संस्था होत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें उदाहरण तर सर्वश्रुत आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति मिळाली म्हणून ते एल्फिन्स्टन कॉलेजांतून १९१२ सालीं पदवीधर झाले व १९१३ सालीं अमेरिकेस जाऊं शकले. बुद्धि त्यांचीच होती. पण शिष्यवृत्ति नसती तर ती बुद्धि कोठें अडून राहिली असती, हें सांगावयास नको. पुढें १९४६ सालीं त्यांच्या संस्थेनें मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढलें, तेव्हां नोकरी करणाऱ्या तरुणांकरितां सकाळचे वर्ग ठेवले. दिवसा मजुरी करणारासहि शिकतां यावें, म्हणून कॉलेजानेंच आपली वेळ बदलली.

५. आपल्या समाजाची वाट

आतां ख्रिस्ती समाजाकडे वळूं. १८७८ नंतर जेजुइट फादरांनीं अहमदनगर जिल्ह्यांत मराठी भाषिकांमध्यें मिशनें काढलीं. गांवोगांवीं लहान शाळा निघाल्या. केंदळ येथून फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं ‘निरोप्या’ मासिक सुरू केलें, तें मराठी कॅथलिक वाचकांच्या परिचयाचें आहे. बारामती व आसपासच्या भागांत ऑस्ट्रेलियांतील ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या प्रॉटेस्टंट मंडळीचें मिशन काम करीत असे. या सर्वांनीं एक मोठें काम केलें: ज्यांच्या मुलांस गांवच्या शाळेंत बाहेर बसावें लागे, त्यांना पाटी-पेन्सिल हातीं देऊन आंत बसविलें. कित्येक कुटुंबांत पहिलें अक्षर आलें तें असें.

परंतु सत्य सांगावयाचें तर या शिक्षणालाहि एक मर्यादा होती. खेड्यांतील मिशन शाळेंतला हुशार मुलगा बहुधा मास्तर किंवा धर्मशिक्षक होई. त्यापुढें जाण्याची वाट अरुंद असे. मुंबईस सेंट झेवियर कॉलेज १८६९ सालींच निघालें होतें, आणि पुण्याच्या छावणींत सेंट व्हिन्सेंट हायस्कूल १८६७ सालीं. दोन्ही कॅथलिक संस्था, दोन्ही नामांकित. पण त्या शहरांतल्या आणि इंग्रजी माध्यमाच्या. खेड्यांत मराठी शाळा व शहरांत इंग्रजी कॉलेज, असे दोन तुकडे राहिले, आणि त्यांमधील पूल बांधण्याचें काम पुष्कळसें अपुरें राहिलें. ‘आपलें’ कॉलेज असणें आणि आपल्या मुलास तेथें जातां येणें, यांतहि तेंच अंतर होतें जें आपण वर पाहिलें. दोष इतरांच्या पदरीं टाकतांना ही गोष्ट आपण विसरूं नये.

६. पाणी आलें, मग कॉलेज आलें

बारामती-इंदापूरचा हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला, आणि कालव्याच्या पट्ट्यांत हळूहळू ऊंस उभा राहिला. १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरची साखरनगरी वसली. स्वातंत्र्यानंतर माळेगांव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथें सहकारी कारखाने झाले. एकाच तालुक्याचे त्यामुळें दोन भाग पडले: बागाइती व जिराइती. ज्याच्या शेताला पाट, त्याच्या मुलाला शहरांत खोली; ज्याचें शेत सुप्याकडील कोरड्या माळावर, त्याचा मुलगा कारखान्याच्या कामावर, अशी नवी वांटणी झाली. जुन्या जातिभेदावर या पाण्याच्या भेदाची भर पडली.

१९४९ सालीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें. १९५९ सालीं आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांस फीमाफीची सवलत मिळूं लागली; तिची उत्पन्नमर्यादा पुढें वर्षास बाराशें रुपये झाली, आणि ‘ई. बी. सी.’ हा शब्द खेड्यापाड्यांतून घरचा झाला. या सवलतीचें महत्त्व जुन्या माणसांनाच कळेल. त्या आधीं फीचे पैसे भरण्यासाठीं बैल किंवा डाग विकावा लागे.

आणि १९६२ सालीं बारामतीस अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचें तुळजाराम चतुरचंद कॉलेज निघालें. मुंबई विद्यापीठानंतर १०५ वर्षांनीं, व कालव्याचें पाणी आल्यानंतर सुमारें पाऊणशें वर्षांनीं, या मुलखांत कॉलेज आलें. त्याचा खरा लाभ कोणास झाला? ज्यांना पुण्यास जाणें परवडत होतें ते पूर्वींहि शिकतच होते. नवा विद्यार्थी आला तो असा कीं, जो सकाळीं घरची भाकरी बांधून एस. टी. नें यावा आणि संध्याकाळीं परत जाऊन गुरांना वैरण घालावी. विशेषतः मुली. ज्या बापानें मुलीस पुण्याच्या वसतिगृहांत कधींच धाडलें नसतें, तो तिला बारामतीस जाऊं देण्यास तयार झाला, कारण दिवेलागणीपूर्वीं ती घरीं येणार होती. १९७२ सालीं विद्या प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली, व तिच्या पुढील विस्तारांत २००० सालीं अभियांत्रिकी महाविद्यालयहि आलें. शारदानगर येथें महिलांचें महाविद्यालय झालें. इंदापुरांतहि महाविद्यालय निघालें. २०१९ सालीं बारामतीस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. मोरोपंतांच्या गांवाला विद्येचें गांव हें नांव पुनः लाभलें, आणि या वेळीं तें अधिक लोकांसाठीं.

पुणें विद्यापीठास २०१४ सालीं सावित्रीबाई फुले यांचें नांव देण्यांत आलें. ज्या बाईंवर शाळेस जातां-येतां शेणमाती फेंकली गेली, त्यांच्या नांवाचें पदवीपत्र आज येथील मुलींच्या हातीं येतें. हा बदल लहान नव्हे.

७. नवे उंबरठे

तथापि इतिहास येथें संपत नाहीं. एक उंबरठा ओलांडला कीं दुसरा उभा राहतो. १९८३ सालीं महाराष्ट्र सरकारनें विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली. जागा वाढल्या, आणि फीहि वाढली. वैद्यकीय शिक्षणासाठीं देशभर एकच प्रवेशपरीक्षा आली, व तिच्याबरोबर शिकवणीवर्गांचा खर्च आला. महाविद्यालय दारांत आहे, पण त्यांतील जागा शिकवणीच्या लाखभर रुपयांपलीकडे आहे, अशी अवस्था पुष्कळांची होते. सरकारनेंहि उपाय केले आहेत. उदाहरणार्थ, २०२४ सालीं आठ लाख रुपयांच्या आंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास, तसेंच इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची संपूर्ण फी माफ करण्याचा निर्णय झाला.

अखिल भारतीय पाहणीचे २०२१-२२ चे आंकडे असे आहेत: १८ ते २३ वर्षें वयाच्या लोकसंख्येशीं उच्च शिक्षणांतील विद्यार्थ्यांचें प्रमाण देशांत शेंकडा २८.४, अनुसूचित जातींत २५.९, अनुसूचित जमातींत २१.२. मुलींचें प्रमाण २८.५, म्हणजे मुलांच्या बरोबरीचें. दरी पूर्वींपेक्षां अरुंद झाली, हें या आंकड्यांवरून दिसतें. ती बुजली नाहीं, हेंहि दिसतें.

आपल्या समाजापुढें आणखी एक अडचण आहे. १९४४ सालीं अस्पृश्य वर्गासाठीं मॅट्रिकोत्तर सरकारी शिष्यवृत्ति निघाली; पण १९३६ च्या यादींत भारतीय ख्रिस्ती वगळलेले होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ सालीं तो शिखांना व १९९० सालीं बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांस मिळालेला नाहीं. महाराष्ट्रांत अशा कुटुंबांची गणना इतर मागासवर्गांत होते. एकाच वस्तींत, एकाच प्रकारच्या घरांत वाढलेल्या दोन चुलतभावांपैकीं एकास एक दाखला व दुसऱ्यास दुसरा. दोघांच्या आज्यांना पाणवठ्यावरून सारखेंच हांकललें गेलें होतें; नातवांची शिष्यवृत्ति मात्र सारखी नाहीं. हा प्रश्न वादग्रस्त आहे. २००७ सालीं रंगनाथ मिश्र आयोगानें दर्जा धर्मनिरपेक्ष करावा अशी शिफारस केली, व २०२२ सालीं केंद्र सरकारनें न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालीं दुसरा आयोग नेमला. निर्णय काय लागावयाचा तो लागो. तोंवर मुलें शिकण्याचीं थांबतां कामा नये.

आणि अखेरीस ती मुलें, जीं कोणत्याच यादींत सहसा येत नाहींत. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास बीड व नगरकडून ऊंसतोडणी कामगारांच्या टोळ्या येथील कारखान्यांच्या रानांत कोप्या घालतात. त्यांचीं मुलें शाळेचें अर्धें वर्ष गांवीं व अर्धें फडांत काढतात. बारामतीच्या महाविद्यालयांच्या इमारती त्यांना उसाच्या शेंड्यांवरून दिसतात. पण तेथवरची वाट पांचवी-सहावींतच तुटलेली असते. साखरशाळा निघाल्या, कांहीं चांगल्या चालल्या, पण प्रश्न सुटला नाहीं. एके काळीं इंदापूरच्या मुलास पुणें जेवढें दूर होतें, तेवढीच ही दोन फर्लांगांची वाट या मुलांस दूर आहे.

८. आपण काय करावें

वाचकहो, या सर्व इतिहासाचा मथितार्थ एवढाच कीं, घोषणेनें मुलें शिकलीं नाहींत. चार साध्या गोष्टींनीं शिकलीं. राहावयास जागा, फीची सोय, घराजवळचें कॉलेज, आणि वेळेवर मिळालेला दाखला. यांतील एकहि गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाहीं. मोठीं वसतिगृहें राजांनीं बांधलीं. परंतु पुण्यांत वा बारामतींत स्थायिक झालेल्या प्रत्येक कुटुंबानें गांवाकडील एका विद्यार्थ्यास वर्षभर एक खोलीचा कोपरा दिला, तरी ब्राह्मण विद्यार्थ्यांना जुन्या काळीं सात घरांनीं जें दिलें तें आपल्या मुलांनाहि मिळेल.

दुसरी गोष्ट नोंदीची. आपल्या धर्मग्रामाच्या दफ्तरांत बाप्तिस्म्याची वही आहे, विवाहाची आहे, मृत्यूची आहे. जन्मापासून मरणापर्यंत एकहि माणूस आपण नोंदीवांचून ठेवीत नाहीं. मग मधलीं पंधरा-वीस वर्षें कोरीं कां? कोणतें मूल कितवीपर्यंत शिकलें, कोणत्या पायरीवर थांबलें, आणि कां थांबलें—फी, दाखला, एस. टी., लग्न, कीं ऊंसतोड—एवढ्या चार रकान्यांची एक वही ठेवावी, आणि वर्षांतून एकदां ती सर्वांपुढें वाचावी. फडांतील कोप्यांतलीं मुलें आपल्या धर्माचीं असोत वा नसोत, जोंवर तीं आपल्या शिवारांत आहेत तोंवर त्यांचींहि नांवें त्या वहींत असावीं. पुढील ज्युबिलीच्या वेळीं जो कोणी हा इतिहास पुढें लिहील, त्यास विद्यापीठांच्या व राजेमहाराजांच्या कथांपेक्षां ही वहीच अधिक उपयोगी पडेल. आणि तिच्यांतील शेवटचा रकाना वर्षानुवर्षें रिकामा राहूं लागला, तर ज्युबिली सार्थकीं लागली असें खुशाल समजावें.